खिशातलं केळं

नाना, तुम्ही गेल्याचा फोन आला आणि मी घरातून तीन वस्तू घेऊन निघालो. गाडीची चावी, मोबाईल आणि टोपलीतलं एक केळं. चष्मा विसरलो, पाकीट विसरलो, सुनंदाची रक्तदाबाची गोळी विसरलो. केळं विसरलो नाही. ते मी घेतलं असंही म्हणता येणार नाही, हाताने घेतलं. तुमच्याकडे यायला निघालो की उजवा हात आपोआप टोपलीकडे जायचा, त्याला पाच वर्षं झाली. तुम्ही गेलात ही बातमी माझ्या कानापर्यंत पोचली होती, हातापर्यंत पोचली नव्हती.

असोद्याहून निघालो. अमळनेर गेलं, शिंदखेडा गेलं, तुमची लेक सुनंदा खिडकीबाहेर बघत राहिली. तुमच्या तिरडीमागून चालताना मांडीला काहीतरी गार, मऊ लागायला लागलं. खिशात हात घातला तेव्हा कळलं. आता ते काढून टाकणार कुठे? पुढे तुम्ही, मागे सगळा गाव, आणि मध्ये थोरला जावई खिशातून केळं काढतोय, हे दृश्य मला परवडणारं नव्हतं. म्हणून तुमच्या शेवटच्या वाटेवर मी शेवटपर्यंत आलो तो केळ्यासकट. तुम्हाला अग्नी दिला तेव्हाही ते माझ्या खिशात होतं.

परत आल्यावर सगळे अंगणात टेकले. कडुनिंबाखाली टपाल बांधलेली होती. सकाळपासून तिच्याकडे कोणी फिरकलं नव्हतं. टपाल म्हणजे तुमची घोडी, हे तुम्हाला सांगायला नको, पण दुसरं कोणी हे वाचेल त्याच्यासाठी लिहून ठेवतो. मला वाटलं, या सगळ्या माणसांत माझ्याइतकंच अवघडलेलं कोणी असेल तर ते हे जनावर. मी उठलो आणि तिच्या मानेवर हात ठेवायला गेलो. तिने माझ्या हाताकडे पाहिलंसुद्धा नाही. सरळ खिशावर तोंड टाकलं. नेहरू शर्टाचा खिसा टर्रकन फाटला, खिशामागची कंबर तिच्या दातांत आली, आणि मी ओरडलो. त्या दिवशी त्या अंगणात तोवर एवढ्या मोठ्याने कोणी रडलंही नव्हतं.

केळं खाली पडलं. सगळ्यांनी पाहिलं.

नाना, मी त्या क्षणी पकडलो जायला हवा होतो. पण तुमची माणसं तुमच्यासारखीच. कोणीतरी म्हणालं, "बिचारा जवाई, सकायपासून उपाशी व्हई." एक बाई डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, आम्हाला कोणाला साधं चहापाण्याचं विचारायचं सुचलं नाही. आणि मग सगळ्यांचा राग टपालवर गेला. ज्या घरात माणूस गेलं त्या घरात पाव्हण्याच्या तोंडचं केळं ओढणारं जनावर. सुरेश, तुमचा मुलगा, धुळ्याहून आलेला, दिवसभर एक टिपूस न गाळलेला, तो उभा राहून म्हणाला, "नाना होते म्हणून सहन केली. बाराव्याच्या आत ही घोडी या दारातून गेली पाहिजे."

फाटकाजवळ गुलाबभाऊ उभे होते. तुमचे गुलाबभाऊ, समोरच्या घरातले शिंपी. तीन वर्षांनी पहिल्यांदा तुमच्या फाटकापर्यंत आले होते, आत मात्र आले नव्हते. त्यांनी केळ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण मला गोष्टी उशिरा कळतात, हे तुम्हाला लग्नातच कळलं होतं. मंगलाष्टकं संपली तरी मी अक्षता हातात धरून उभा होतो.

तर आता सांगतो, नाना. तुमच्यासमोर कधी सांगता आलं नाही ते. टपालला चावायची खोड मी लावली.

ती तुमच्याकडे आली ते आठवतं. मेंढ्या घेऊन फिरणारं एक कुटुंब दर वर्षी कापूस निघाल्यावर तुमच्या शेतात मेंढ्या बसवायचं, लेंडीखत तुम्हाला आणि दाणे त्यांना. त्या वर्षी त्यांची एक तरणी घोडी पायाने अधू झाली. तांड्याचा बाडबिस्तारा तिच्याच्याने वाहवेना आणि तिला मागे टाकून जाणं त्यांना जमेना. तुम्ही म्हणालात, ठेवा इथे. त्याआधी सहा महिने तुम्ही मोपेडवरून पडला होतात आणि सुरेशने ती मोपेड तुम्हाला न विचारता देऊन टाकली होती. शेतात जायला तुम्हाला पाय नव्हते आणि तिला धड चालता येत नव्हतं. दोन महिने तुम्ही तिचा पाय शेकलात, मग तिच्यावर बसून शेतात जायला लागलात. तुम्ही एवढे उंच आणि ती एवढी बुटकी की तुमचे पाय जमिनीला लागायला चार बोटं कमी. लांबून पाहणाऱ्याला कळायचं नाही की तुम्ही घोडीवर बसला आहात की घोडी बगलेत धरून चालला आहात.

नाव ठेवलंत टपाल. पोस्टमन माणूस, दुसरं काय ठेवणार. घरच्यांना म्हणालात, "पस्तीस वरीस मी टपाल वाहत व्हतू. आते टपाल माले वाही."

माझ्याशी मात्र तुम्ही असं बोलायचा नाहीत. गावाशी, मुलांशी, बैलांशी अहिराणी, आणि जावयाशी पुस्तकातली मराठी. "या जवाईबुवा, प्रवास सुखरूप झाला ना?" मनीऑर्डरच्या फॉर्मवर लिहिल्यासारखी. आमची असोद्याची बोली वेगळी, म्हणून तुम्ही मध्यावर येऊन भेटता आहात असं मला वाटायचं. ते प्रेमच होतं. पण नाना, त्या मराठीत कोणालाही खरं काही बोलता आलं नसतं.

सासरवाडीत जावयाला काम नसतं. पेला उचलला तर कोणीतरी हातातून काढून घेतं. खाटेवरून उठलो तर विचारतात, काय हवं? काही नको असतं, नुसतं उठायचं असतं. तुमच्या घरात मला एकच जागा अशी सापडली जिथे माझा मान कोणी ठेवत नव्हतं, ती म्हणजे कडुनिंबाखाली टपालशेजारी. ती मला बघून उठायची नाही, सरकायची नाही. मला बरं वाटायचं. पहिल्याच दिवाळीत मी तिला एक केळं दिलं. आम्ही केळीवाले, घरून निघताना फण्या डिक्कीत असतातच. तिने सालीसकट खाल्लं. दुसऱ्या वेळी मी खिशात ठेवलं आणि तिला शोधायला लावलं. तिने नाकाने खिसा हुंगला, ओठाने कड उचलली आणि ओढून काढलं. मी हसलो. तिची पाठ थोपटली. दर वेळी तेच. आणि हे करायचो तुम्ही दुपारी झोपल्यावर, कारण पन्नाशीचा माणूस घोडीशी खेळताना दिसणं बरं नव्हे.

मला वाटलं तिला माझा लळा लागला. तिला माझ्या खिशाचा लळा लागला होता.

मग ती इतरांचे खिसे शोधायला लागली. आधी गॅसची टाकी आणणाऱ्याचा. मग मतं मागायला आलेल्या एका पुढाऱ्याचा, त्याच्या सदऱ्याच्या खिशातली पत्रकं तिने हारासकट खाल्ली. तेव्हा गाव हसलं, तुम्हीही हसलात. पण खिशात काही सापडलं नाही की तिला राग यायचा आणि ती दातांनी धरायची. मग रिकामा तळवा दिसला तरी धरायला लागली. आणि एका सकाळी गुलाबभाऊ तुमच्याकडे सुपारी घ्यायला आले, रोजच्यासारखा हात पुढे केला, आणि तिने मनगटाच्या वर धरलं. सोडलं नाही. शिंप्याचा उजवा हात. दीड महिना त्यांचं मशीन बंद होतं. ऐन लग्नसराईत.

मला सुनंदाने फोनवरून ऐकून सांगितलं. मी म्हणालो, "अरेरे, जनावरच ते." एवढंच म्हणालो. तेव्हा सांगितलं असतं तर एक छोटी चूक होती. महिना गेल्यावर ती मोठी झाली. वर्ष गेल्यावर ती सांगण्यासारखी राहिलीच नाही.

त्यानंतर तुमचं आणि गुलाबभाऊंचं बिनसलं. पन्नास वर्षं रोज सकाळची सुपारी एका अडकित्त्याने कातरणारी दोन माणसं, आणि मधल्या दहा पावलांच्या गल्लीतून कोणी इकडचं तिकडे जाईना. आम्ही सगळे समजलो, हात चावला म्हणून गुलाबभाऊ रागावले. तुम्ही काही बोलला नाहीत. नवा सदरा शिवायचा झाला तर दोंडाईच्याला जायचात. खिडकीतून त्यांचं मशीन ऐकू यायचं तेव्हा तुम्ही रेडिओ मोठा करायचात.

आणि तुम्ही टपालला शिकवायला बसलात. ते मी पाहिलं आहे नाना, आणि ते पाहताना मला दर वेळी खाली पाहावं लागलं आहे. हातातून एक दाणासुद्धा द्यायचा नाही. घमेल्यात भिजवलेले हरभरे घ्यायचे, तिच्यासमोर उभं राहायचं. ती तोंड पुढे करायची. तुम्ही न बोलता पाठ फिरवून घमेलं घेऊन जायचात. पुन्हा यायचात. ती पुन्हा तोंड पुढे करायची. पुन्हा पाठ. दुखऱ्या गुडघ्याने सकाळी दहा-दहा फेऱ्या. ती एक पाऊल मागे सरकली की तेवढ्याच क्षणी घमेलं जमिनीवर. मारलं कधी नाही. सुरेश म्हणाला तोंडाला मुसकं बांधा, तर म्हणालात, "ती मानूसले नई चावत, खिसाले चावस. कोनीतरी शिकाडेल शे. शिकाडेल शे ते उतरी बी."

कोणीतरी शिकवलंय. मी तेव्हा शेजारी उभा होतो आणि चहाचा पेला दोन्ही हातांनी धरला होता.

फाटकावर पाटी लावलीत. तुमचं ते सुबक टपाली अक्षर. 'घोडी चावते. कोणीही हातातून काही देऊ नये.' 'कोणीही' या शब्दाखाली दोन रेघा. मी ती पाटी वाचली आणि मनात म्हणालो, बरं केलं, लोकांना कळत नाही.

कारण मी थांबलो नव्हतो, नाना. हे सगळ्यात वाईट. ती मला चावत नव्हती. बाकी सगळ्यांना चावायची आणि मी आलो की मान खाली घालून यायची, कारण माझा खिसा कधी रिकामा नसायचा. लोक म्हणायचे, जनावराला माणूस कळतं. मला ते आवडायचं. ऑफिसात मी तुमच्या नाही, त्या घोडीच्या गोष्टी सांगायचो.

पण तुम्ही मला संधी फार दिली नाहीत, हेही खरं. म्हातारपणी तुम्ही माझा जास्तच मान ठेवायला लागलात असं मला वाटायचं. पूर्वी गाडीचा आवाज आला की सुनंदाची आई पाण्याचा तांब्या घेऊन यायच्या. त्या गेल्यावर काही वर्षं कोणीच यायचं नाही, आणि मग या शेवटच्या तीन वर्षांत तुम्ही स्वतः यायला लागलात. तांब्या, आणि दुसऱ्या हातात साबणाची वडी. "जवाईबुवा, आधी हात धुवा." मी म्हणायचो, नाना, कशाला, मी मोरीत धुतो. तुम्ही ऐकायचा नाहीत. वाकून पाणी घालायचात. गुडघा कुरकुरलेला मला ऐकू यायचा. बोटांच्या फटीसुद्धा धुवून घ्यायचात, लहान मुलाच्या धुतात तशा. मग पंचा द्यायचात आणि मी पुसून होईपर्यंत बघत राहायचात. मी जळगावात सांगायचो, सासरा असावा तर असा, पंच्याहत्तरीचा माणूस जावयाच्या हातावर पाणी घालतो. ऐकणारे माना डोलवायचे. मला फुगायला तेवढं पुरायचं.

आणि दुपारची झोप तुम्ही सोडलीत. मी आलो की सोडायचात. खाटेशेजारी खुर्ची टाकून बसायचात, सरकारी नोकरीपासून केळीवरच्या करपा रोगापर्यंत त्या पुस्तकी मराठीत काहीही विचारत राहायचात. मी अंगणात गेलो की तुम्ही मागून अंगणात. तुमचे डोळे मिटत असायचे. मी म्हणायचो, पडा ना जरा. म्हणायचात, "तुम्ही रोज थोडेच येता?"

मग ती आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. सगळ्या लेकी घरी आलेल्या, कडुनिंबाला झोका बांधायचा तर टपालमुळे बांधता येईना. पोरं रडायला लागली. सुरेशने विषय काढला, घोडी विकायची. सगळे माझ्याकडे पाहायला लागले, थोरला जावई, चार बुकं शिकलेला. आणि मी, नाना, मी घसा खाकरून म्हणालो, "चावरं जनावर दारात असू नये. उद्या पोराबाळाला चावलं तर?"

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मग म्हणालात, "जवाईबुवा, हाई तुम्ही सांगी ऱ्हायनात?"

हे तुम्ही सांगताय, एवढंच; पण तेवीस वर्षांत पहिल्यांदा तुम्ही माझ्याशी अहिराणीत बोललात. मला वाटलं, माझ्याकडून तुम्हाला पाठिंब्याची आशा होती, ती मोडली म्हणून बोललात. मी म्हणालो, "नाना, तुमच्या भल्यासाठीच." तुम्ही उठलात, आपल्या हाताने झोका ओसरीच्या आढ्याला बांधलात आणि पोरांना बोलावलंत. तो वाद तिथेच राहिला. पुढच्या वेळी आलो तेव्हा दारात पुन्हा तांब्या, पुन्हा साबण, पुन्हा "आधी हात धुवा". आवाजात काही नाही. त्या दिवसापासून मात्र मी केळं देणं थांबवलं. टोपलीतून घ्यायचो, खिशात ठेवायचो, परत न्यायचो. तेवढीच माझी सुधारणा.

तुम्ही सापडलात ते मला सुरेशने सांगितलं. सकाळी नऊची वेळ. कडुनिंबाला पाठ टेकून तुम्ही बसलेले, घमेलं मांडीवर, हरभरे तसेच. तोंड टाकलं असतं तर तिला मिळालं असतं. दावं तेवढं लांब होतं. टपाल एक पाऊल मागे उभी होती. किती वेळ उभी होती कोणाला माहीत नाही. तुम्ही घमेलं खाली ठेवण्याची वाट बघत होती.

नाना, तुम्ही शिकवणं पूर्ण केलं होतं. आणि त्याच दिवशी संध्याकाळी मी तिच्यासमोर खिशात केळं घेऊन जाऊन उभा राहिलो.

बाराव्याच्या आदल्या दिवशी बाजारातून एक माणूस घोडी न्यायला आला. छोटा टेम्पो फाटकाशी लावला. त्याने तिचे दात पाहायला हात पुढे केला आणि सुरेश म्हणाला, जपून, चावते. टपाल एक पाऊल मागे सरकली. तो माणूस हसला, म्हणाला, "ही? ही कुठे चावते?" सुरेश म्हणाला, "आमच्या पाव्हण्यांना विचारा."

सगळे पुन्हा माझ्याकडे पाहायला लागले. तेच आखाजीचे चेहरे.

मी म्हणालो, "तिची चूक नाही."

"म्हणजे?"

"केळं माझ्यासाठी नव्हतं. तिच्यासाठी होतं. मी कित्येक वर्षं तिला खिशातून केळी चारलीत. नाना झोपले की. गुलाबभाऊंना ती चावली ती माझ्यामुळे."

हे मी फार हळू म्हणालो असेन, कारण सुरेश म्हणाला, "काय?" आणि मला ते सगळं दुसऱ्यांदा म्हणावं लागलं. कबुली एकदाच द्यायची असते हे मी ऐकून होतो. दोनदा द्यावी लागली तर दुसऱ्यांदा ती फार लांब वाटते. सुरेश माझ्या कपड्यांकडे पाहत राहिला, जणू आत्ताही एखादं केळं निघेल. मग "दाजी," एवढंच म्हणाला. तुमच्या घरात जावयाला काय बोलायचं हे कोणालाच शिकवलेलं नाही.

मी फाटक उघडून गल्ली ओलांडली. दहा पावलं. गुलाबभाऊ खिडकीत मशीनवर बसले होते, सगळं ऐकलेलं. मी म्हणालो, "भाऊ, मी..."

"माले माहीत शे," ते म्हणाले. सुई चालूच. "मी आठेनच देखं व्हतं. खिडकीमाईन."

"कधी?"

"हात चावना त्याना पहिलेच. तू खिसा हुंगाडे तिले, आन ताळ्या वाजाडे." त्यांनी मशीन थांबवलं. "मी नानाले सांगं, तुन्हा जवाईले एक डाव सांगी दे. तो म्हने, जवाईले कसं सांगानं? पोर शे मन्ही त्या घरमा. मंग हात चावना. मंग बी मी म्हनं, आते तरी सांग. तो म्हने, मन्हा जवाईना नाव लेवानं व्हई ते मन्हा दारमा येऊ नको." ते सुईकडे पाहत होते. "मंग मी नई गऊ. तीन वरीस."

माझ्या जावयाचं नाव घ्यायचं असेल तर माझ्या दारात येऊ नको, असं तुम्ही गुलाबभाऊंना म्हणाला होतात, नाना. मी तुमच्याकडून तुमची मोपेड नव्हती नेली, सुरेशने नेली. मी तुमच्याकडून सकाळची सुपारी नेली होती. आणि तुम्ही मला दर वेळी गाडीपर्यंत पोचवायला यायचात.

"भाऊ, माझं तोंड..."

"तोंड राहू दे," ते म्हणाले, आता माझ्यासाठी मराठीत. मग पुन्हा त्यांच्या अहिराणीत. "त्या टेम्पोवालाले परत धाडा. घोडी आठेच ऱ्हाई. सकायले मी घालसू दाना. मन्ही बंडीले खिसाच नई." आणि हात वर करून दाखवली. खरंच, दोन्ही बाजूंनी सपाट. माणसाने तीन वर्षांपासून स्वतःचे सगळे कपडे बिनखिशाचे शिवले होते, नाना. तुमच्या दारात यायचं नाही असं ठरवलेला माणूस. कधीतरी यावं लागलंच तर म्हणून.

तेराव्याच्या सकाळी ते आले. मी ओसरीतून पाहिलं. घमेलं घेऊन उभे राहिले, टपालने तोंड पुढे केलं, त्यांनी पाठ फिरवली. तुम्ही करायचात तसंच. तीन वर्षं खिडकीतून रोज पाहिलेलं असणार. दुसऱ्या फेरीला ती मागे सरकली. घमेलं त्यांनी डाव्या हाताने खाली ठेवलं. ठेवल्यावर ते खाटेवर बसले, तुमच्या जागी नाही, समोरच्या, आणि खिशात अडकित्ता शोधायला हात घातला. खिसा नव्हता. मग नुसतेच बसले.

दुपारी आम्ही निघालो. शिंदखेडा मागे पडल्यावर मी सुनंदाला राहिलेलं सगळं सांगितलं. गुलाबभाऊ काय म्हणाले, तुम्ही त्यांना काय म्हणाला होतात, सगळं. ती ऐकत होती. तिच्या मांडीवर तुमचा पंचा होता, घरातून तेवढंच तिने मागून घेतलं होतं. मला वाटत होतं ती रागावेल. रागावली असती तर बरं झालं असतं. अमळनेरच्या अलीकडे मी गाडी बाजूला घेतली, कारण पुढचं नीट दिसेना.

मी म्हणालो, "एकदा तरी म्हणायला हवं होतं त्यांनी मला. तोंडावर. एवढी वर्षं जात-येत होतो. एक शब्द म्हणाले नाहीत."

सुनंदाने पंच्याची घडी उलगडली, पुन्हा घातली.

"म्हणाले नाहीत कसे," ती म्हणाली. "दर वेळी दारातच म्हणायचे. आधी हात धुवा."